आई-बाबांना कोल्हापूरवरून विमानात बसवायचं असेल तर

आमच्या भावकीतली, गल्लीतली आणि ऑफिसातली धरून आत्तापर्यंत पंधरा-वीस जणांची तरी तिकिटं मी काढून दिली असतील, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, की एअरपोर्टच्या आत गेल्यावर काय करायचं असतंय. खरं सांगू का, उजळाईवाडीच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या एअरपोर्टवर आत गेल्यावर चुकायला जागाच नाही. मुंबईसारखं पंचवीस गेट आणि दोन किलोमीटर चालणं असला प्रकार नाही, एका नजरेत सगळं दिसतंय, आणि तुम्ही चुकीच्या रांगेत उभं राहिलात तर कोणीतरी येऊन हाताला धरून बरोबर रांगेत नेऊन सोडतो. चुका होतात त्या घरात. तिकीट काढताना, बॅग भरताना, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फ्लाईट कॅन्सल झाली तर काय याचा विचारच केलेला नसतो. म्हणून मी त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे, आतल्या गोष्टी थोडक्यात उरकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. छोट्या एअरपोर्टवरची फ्लाईट म्हणजे एसटी नव्हे, की ही चुकली तर अर्ध्या तासानं दुसरी. एका शहराला दिवसातून एक, लई झालं तर दोन, आणि काही ठिकाणी आठवड्यातून ठराविकच दिवस. शिवाय टाइमटेबल सीझनप्रमाणं बदलतंय, मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी तर हमखास. त्यामुळं 'मागच्या वर्षी दुपारची होती की' याला काही अर्थ नाही, तारीख टाकून एअरलाईनच्या स्वतःच्या साईटवर बघायचं. गावातला एखादा काका छातीठोकपणे सांगतो की अमुक ठिकाणची फ्लाईट चालू आहे आणि ती सहा महिन्यांपूर्वीच बंद झालेली असते.

बंद का पडतात हे पण थोडं समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होईल. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लाईट उडान योजनेतून, म्हणजे छोट्या गावांना स्वस्तात विमान देण्याच्या सरकारी योजनेतून सुरू झाल्या. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली पहिली फ्लाईट सुटली, आणि त्याच दिवशी आपली नांदेड-हैदराबाद पण. या योजनेत विमानातल्या निम्म्या सीटना भाड्याची मर्यादा, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी होती, आणि त्यात एअरलाईनला जी तूट येईल ती सरकार भरून देणार, पण तीन वर्षं. तीन वर्षांनी ते पैसे थांबतात आणि मग विमान भरत नसेल तर कंपनी ते विमान उचलून दुसरीकडं लावते. म्हणजे एखादा रूट तीन-साडेतीन वर्षांनी गुपचूप गायब झाला तर कुणी करणी केलेली नाही, हिशोब जुळलेला नाही इतकंच. आणि त्या स्वस्त सीट ठराविकच असतात, त्या आधी संपतात, मग शेवटच्या आठवड्यात तोच प्रवास तिप्पट दिसायला लागतो आणि लोक म्हणतात उडान-बिडान सगळं खोटं. खोटं नाही, उशीर तुमचा झाला.

(जाता जाता, आपलं एअरपोर्ट काही कालचं पोर नाही बरं का. ५ जानेवारी १९३९ ला छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ते सुरू झालं, स्वातंत्र्याच्या आधी. नंतर कितीतरी वर्षं धूळ खात पडलं होतं ते सोडा. आत्ताची नवी टर्मिनल बिल्डिंग १० मार्च २०२४ ची.)

तिकिटावर येऊ. पहिलं म्हणजे नाव. आधार कार्डावर जसं आहे तसंच, त्यात हुशारी नको. आमच्या आत्तीचं आधारवर नाव लग्नानंतरचं, तिच्या बँकेत अजून माहेरचं आडनाव, आणि भाच्यानं तिकीट काढलं ते तिसऱ्याच नावानं, कारण घरात तिला त्याच नावानं हाक मारतात. शेवटी कस्टमर केअरला फोन लावून, आधारचा फोटो पाठवून दुरुस्त झालं, पण दोन दिवस आत्ती 'मला सोडतील का रे' म्हणत जेवली नाही. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकलं असेल तर आधीच फोन करून घ्या, आडनावच वेगळं असेल तर अजिबात थांबू नका.

दुसरं, कुठं उतरायचं ते नीट बघा. पूर्वी मुंबई म्हटलं की मुंबई. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं एअरपोर्ट पण चालू झालंय, आणि जुन्या मुंबईत परत टर्मिनल एक वेगळं आणि दोन वेगळं, दोघांच्यात रस्त्यानं चांगलंच अंतर आहे. पोरगं डोंबिवलीत राहतंय की वांद्र्याला यावर कुठलं सोयीचं ते ठरतं. पुढं दुसरी फ्लाईट पकडायची असेल आणि ती दुसऱ्याच टर्मिनलवरून असेल तर मधे रिक्षा-टॅक्सी आणि मुंबईचं ट्रॅफिक आलं. गोव्याचं पण तसंच, दाबोळी वेगळं आणि मोपा वेगळं. तिकिटावर टर्मिनल छापलेलं असतं, बघा आणि ज्यांना न्यायला यायचंय त्यांना पण स्क्रीनशॉट टाका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढं जायचं असेल तर शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर तिकीट काढा. म्हणजे कोल्हापूर ते हैदराबाद आणि हैदराबाद ते दिल्ली असं एकत्र. मग बॅग इथं टाकली की दिल्लीलाच मिळते, आणि पहिली फ्लाईट लेट झाली म्हणून दुसरी चुकली तर पुढं पोचवायची जबाबदारी एअरलाईनची. तेच तुम्ही पाचशे-सातशे रुपये वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत, तर मधे बॅग घ्या, बाहेर या, परत आत जा, परत सिक्युरिटी, आणि दुसरी चुकली तर ती कंपनी म्हणणार आमचा काय संबंध. परदेशाची फ्लाईट मुंबई किंवा हैदराबादवरून असेल आणि तिकीट वेगळं असेल तर मी सरळ आदल्या दिवशी जाऊन राहा म्हणतो. लोकांना खर्च वाटतो, पण व्हिसा लागलेलं पोरगं इथल्या पावसामुळं अडकून बसलंय आणि घरात सगळे आभाळाकडं बघतायत, ते दृश्य मी पाहिलंय, त्यापेक्षा एका रात्रीचं लॉज परवडलं.

तिरुपतीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगतो, कारण आपल्याकडून सगळ्यात जास्त म्हातारी माणसं त्यासाठीच विमानात पहिल्यांदा बसतात. बालाजी केला की अंबाबाई आणि अंबाबाई केली की बालाजी ही आपली जुनी रीत, नवरात्रात तिथून देवीला शालू येतो ते तर माहितीच आहे. पण उत्साहात आधी फ्लाईट बुक करू नका. आधी देवस्थानच्या साईटवर ३०० रुपयांचं दर्शनाचं तिकीट मिळतंय का बघा, ते काही महिने आधी ठराविक दिवशी खुलं होतं आणि भराभर संपतं. दर्शनाची तारीख हातात आली की मग तिच्या आदल्या दिवसाची फ्लाईट. उलटं केलं तर विमान आहे पण दर्शनाला सोळा तास लाईन, अशी गत होते. आणि तिरुपतीचं एअरपोर्ट खाली रेणिगुंट्याला आहे, तिथून वर तिरुमलाला गाडीनं घाट चढायचा असतो, त्याचा वेळ धरा.

आता बॅग. साधारण १५ किलो आत टाकायच्या, म्हणजे काउंटरला द्यायच्या चेक-इन बॅगेला आणि ७ किलो हातातल्या बॅगेला, पण तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा, एअरलाईनप्रमाणं आणि भाड्याच्या प्रकाराप्रमाणं फरक असतो. छोट्या विमानात वजनाच्या बाबतीत ते जरा कडकच असतात आणि वरचे कप्पे पण लहान असतात, मोठी ट्रॉली बॅग हातात घेऊन जाऊ म्हणाल तर बसतच नाही. घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात जाऊन वजन करा, मी दर वेळी तेच करतो, दुकानदार पण आता विचारतो यावेळी कुठं दौरा.

आपल्या लोकांच्या बॅगेत हमखास सापडणाऱ्या आणि हमखास अडकणाऱ्या गोष्टी सांगतो. कांदा-लसूण मसाला, चटणी, तिखट, असल्या पुडी हातातल्या बॅगेत चालत नाहीत, त्या चेक-इनच्या बॅगेत टाका, तेही दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर उतरल्यावर सगळे कपडे लाल. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत नको. लोकांना हसू येतं, पण खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्याची गणना धोकादायक मालात होते. काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडं बंद. गुळाची ढेप खुशाल न्या, काकवी मात्र चेक-इनमध्ये आणि झाकण चिकटपट्टीनं बंद करून. पॉवर बँकचं नेमकं उलटं, ती फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत राहिली तर बॅग उघडायला परत बोलावतात. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक नियमात बसते, त्यापेक्षा दांडगी असेल तर विचारून घ्या. औषधं, चष्मा, दागिने, पैसे, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत.

आणि अडकित्ता! आमच्या बाबांच्या पान-सुपारीच्या चंचीत अडकित्ता असतो हे मी साफ विसरलो. सिक्युरिटीच्या मशीनमधून चंची गेली, आतल्या माणसानं स्क्रीन थांबवली, दुसऱ्याला बोलावलं, दोघं बघत बसले. मग त्यानं अडकित्ता बाहेर काढला, उघडून-मिटून बघितला आणि म्हणाला 'काका, हे नाही नेता येणार'. बाबा म्हणाले 'वडिलांचा आहे हो'. तो पोरगा भला होता, त्यानं सांगितलं की बाहेर कुणी सोडायला आलंय का बघा, त्यांच्याकडं द्या. चुलतभाऊ अजून पार्किंगमध्येच होता म्हणून वाचलो, नाहीतर अडकित्ता कायमचा गेला होता. तेव्हा सोडायला येणाऱ्याला विमान उडेपर्यंत थांबवा, लगेच गाडी वळवून जाऊ देऊ नका.

ओळखपत्र म्हणून आधार, मतदान कार्ड, लायसन, पॅन, पासपोर्ट यातलं काहीही चालतं. मूळ कार्ड ठेवा, झेरॉक्स नको. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर जन्माचा दाखला, कारण वय दाखवावं लागतं.

वेब चेक-इन, म्हणजे घरूनच मोबाईलवर सीट निवडून बोर्डिंग पास काढणं, ४८ तास आधीपासून करता येतं, बऱ्याच एअरलाईनचं. ते करा, पण फुकट सीट कुठली ते नीट बघा, अॅप आधी पैशाच्याच सीट पुढं करतं आणि आपण घाईत ओके दाबतो. नाही जमलं तरी काउंटरवर बोर्डिंग पास मिळतो, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं २०२२ मध्ये सरकारनं सांगितलेलं आहे. गुडघेदुखी असेल तर व्हीलचेअर आधीच तिकिटावर टाका, बुकिंग करताना किंवा निदान दोन दिवस आधी. आई म्हणाली होती मी काय लुळी-पांगळी आहे का, पण हैदराबादला उतरल्यावर ते लांबच लांब चालणं बघून स्वतःच म्हणाली की येताना पण सांगून ठेव.

त्या दिवशी किती आधी जायचं? दीड-दोन तास पुरे. मुंबईच्या हिशोबानं तीन तास आधी गेलात तर नुसतं बसायला लागतं आणि खाण्यापिण्याची फार सोय धरू नका, घरून डबा न्या, चपाती-भाजी, धपाटे, लाडू सगळं चालतं. पण उशीर नको, बहुतेक काउंटर सुटायच्या एक तास आधी बंद होतं आणि छोट्या एअरपोर्टवर तर तीच माणसं काउंटर बंद करून पुढं बोर्डिंगला जातात, मग तुमच्यासाठी उघडायला तिथं कोणी उरतच नाही. सांगली-मिरजेहून येणाऱ्यांनी अंकली-हातकणंगले रस्त्याचा आणि ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा हिशोब धरा. गंमत नाही, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असला की अर्धा तास तिथंच गेला. इचलकरंजी, निपाणी, गगनबावड्याकडून येणारे पण तसंच. आणि रिक्षा किंवा गाडी जायची-यायची दोन्ही ठरवून ठेवा, विमान उतरल्यावर बाहेर गाड्या असतीलच असं नाही.

आत जाताना गेटवर तिकीट आणि ओळखपत्र, मग काउंटरला बॅग द्यायची, ते जी छोटी चिठ्ठी देतात ती फेकायची नाही, मग सिक्युरिटी. मोबाईल, पट्टा, चिल्लर, पाकीट ट्रेमध्ये. बायकांची तपासणी वेगळ्या आडोशाला बाईच करते, बांगड्या आणि साडीच्या पिना वाजतात, घाबरायचं नाही. झालं, संपलं.

विमानापर्यंत बहुतेक वेळा चालतच जायचं असतं, आणि तिथं माणसं फोटो काढायला थांबतात आणि ओरडा खातात. सांगितलेल्या पट्ट्यातूनच चालायचं, पंख्याच्या आसपास जायचं नाही. विमान एटीआर असेल, म्हणजे बाहेर पंखे दिसणारं सत्तरेक सीटचं, तर चढायचं दार मागच्या बाजूला असतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना मागच्या सीट घ्या, पुढच्या घेतल्या तर सगळं विमान चालत जायला लागतं आणि परत तेवढंच मागं. जेट असेल तर दार पुढं. त्या पंख्याच्या विमानात आवाज जास्त येतो आणि ढगात जरा हलतं, ते नॉर्मल आहे हे आधीच सांगून ठेवा. उतरताना कानाला दडे बसतात, गोळी चघळायला द्या, लहान बाळाला पाजायला घ्या.

आता मुख्य मुद्दा, कॅन्सल. दोन वर्षांपूर्वी जुलैत बाबांची मुंबईत डॉक्टरची अपॉइंटमेंट होती. आम्हाला न्यायला येणारं विमान तिकडून वेळेवर निघालं, आमच्या डोक्यावर आलं, आवाज ऐकू आला, ढगात दोन घिरट्या मारल्या आणि माघारी गेलं. बाबा म्हणाले, 'स्थळ बघायला आल्यासारखं आलं आणि कळवतो म्हणून गेलं'. सगळे हसले, पण पुढचे तीन तास हसण्यासारखे नव्हते.

असं का होतं, तर मोठ्या एअरपोर्टवर विमानाला ढगातून खाली आणणारी यंत्रणा तगडी असते. छोट्या ठिकाणी ती साधी असते, म्हणून पायलटला ठराविक अंतरापर्यंत धावपट्टी डोळ्यांनी दिसावीच लागते. नाही दिसली तर उतरायचं नाही, विषय संपला, आणि तेच बरोबर आहे. दुसरं कारण, एकच विमान दिवसभर चार-पाच गावं करत फिरतं. सकाळी पहिल्या गावात धुकं असलं की संध्याकाळच्या गावाला दोन तास लेट. म्हणून मी काय करतो, फ्लाईट ट्रॅक करायच्या अॅपवर आपलं विमान आत्ता कुठं आहे ते सकाळपासून बघतो. येणारं विमानच अजून तिकडून सुटलेलं नसेल तर स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असू दे, आपली फ्लाईट वेळेवर नाही. एवढ्या एका सवयीनं माझा कितीतरी वेळ वाचलाय.

नियम काय आहेत ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आपल्यासारख्या कमी अंतराच्या फ्लाईटला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि तुम्ही वेळेत आला असाल तर चहा-नाश्ता त्यांनी द्यायचा. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरी फ्लाईट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय ते तुम्ही निवडायचं. कॅन्सल झाली तर पण तेच. वेळेत न कळवता कॅन्सल केली तर वर नुकसानभरपाई पण आहे, तासाभराच्या फ्लाईटला ५,००० आणि एक ते दोन तासांच्या फ्लाईटला ७,५०० पर्यंत, पण हवामानामुळं कॅन्सल झाली तर ती भरपाई मिळत नाही, पैसे परत मात्र मिळतात. त्या दिवशी काउंटरवरचा माणूस आम्हाला म्हणाला की रिफंड नाही, पुढच्या प्रवासाला वापरायचं क्रेडिट देतो. मी म्हटलं मला क्रेडिट नको, पैसे पाहिजेत, आणि तसं ईमेलवर लिहून दे. पाच मिनिटं आत जाऊन आला आणि म्हणाला होईल. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त 'लिहून द्या' म्हणायचं. तरी ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, पीएनआर आणि फोटो जोडून.

आणि प्लॅन बी घरातूनच ठरवून निघा. मुंबईला जायचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, पण एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं, म्हणजे फ्लाईट आज दुपारी कॅन्सल झाली तर ते दार कधीच बंद झालेलं असतं. पावसाळ्यात फारच महत्त्वाचं काम असेल तर मी सरळ रेल्वेचं पण एक तिकीट काढून ठेवतो, नंतर रद्द करताना थोडे पैसे जातात, जाऊ देत. नाहीतर तावडे हॉटेलपाशी रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेतच. बेंगलोर-हैदराबादला जायचं असेल तर बेळगावचं सांबरा एअरपोर्ट दोन-अडीच तासांवर आहे, तिथली फ्लाईट पण एकदा चेक करा, कधीकधी तर आधीपासूनच तिथून स्वस्त पडतं. आम्ही बाबांना त्या रात्री ट्रॅव्हल्सनंच नेलं, पहाटे सायनला उतरलो, अपॉइंटमेंट गाठली.

बाकी गावांच्या लोकांना पण हेच लागू आहे, थोडं इकडं-तिकडं. सिंधुदुर्गचं चिपी ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, धावपट्टी मस्त आहे पण पावसाळ्यात भरवसा कमी, आणि सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना मोपा तसंही जवळ, त्यामुळं दोन्हीकडचे दर बघा, नाहीतर रेल्वेच्या तुतारी आणि कोकणकन्या आहेतच. शिर्डीचं एअरपोर्ट शिर्डीत नाही, काकडीला आहे, गाडीचे पैसे आधी ठरवा. नांदेडला गुरुद्वाऱ्याला येणारे बरेच शीख प्रवासी असतात, त्यांच्यासाठी देशातल्या फ्लाईटमध्ये कृपाणाला परवानगी आहे, एकूण लांबी ९ इंच आणि पातं ६ इंचापर्यंत. नाशिकचं ओझर आणि पुण्याचं लोहगाव ही संरक्षण खात्याशी जोडलेली ठिकाणं, तिथं फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईला फ्लाईट सुरू झालीय, आणि सोलापूरला जून २०२५ पासून गोव्याची. सोलापूरकरांनी त्यासाठी काय काय बघितलं ते त्यांनाच माहीत, होटगी रोडजवळच्या साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून किती वर्षं वाद चालला आणि शेवटी जून २०२३ मध्ये ती पाडली.

त्यावरून आठवलं, एअरपोर्टच्या आसपास राहणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. घर किंवा टॉवर उंच बांधायचा असेल तर उंचीची परवानगी लागते, ग्रामपंचायतीनं हो म्हटलं म्हणून भागत नाही. आधी आपला गट नंबर कुठल्या झोनमध्ये येतो ते बघा, मग इंजिनिअरला प्लॅन काढायला सांगा. लग्नात ड्रोन उडवायचा असेल तर एअरपोर्टपासून ५ किलोमीटरच्या आत तो रेड झोन आहे, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी, फोटोग्राफर म्हणेल काही होत नाही, त्याचं ऐकू नका. कचरा आणि मांसाचे तुकडे उघड्यावर टाकले की घारी येतात, आणि घार इंजिनात गेली तर काय होतं ते सांगायला नको, १० किलोमीटरच्या आत असं टाकायला कायद्यानंच बंदी आहे. गोकुळ शिरगाव, उजळाईवाडी, तामगाव इकडच्यांना हे रोजचं आहे, बाकीच्यांना माहीत नसतं.

आणि एखादा रूट पाहिजे असेल किंवा टायमिंग गैरसोयीचं असेल तर व्हॉट्सअॅपवर शिव्या घालून काही होत नाही. बहुतेक सरकारी एअरपोर्टला सल्लागार समिती असते, आपले खासदार तिचे अध्यक्ष असतात. तुमच्या व्यापारी संघटनेनं, हॉस्पिटलवाल्यांनी, कारखानदारांनी महिन्याला किती माणसं कुठं जातात याचा खराखुरा आकडा घेऊन तिथं पत्र दिलं तर निदान विषय पटलावर येतो.

शेवटचं, येतानाचं. बेल्टवर बॅगा येतात तेव्हा निम्म्या काळ्या आणि सारख्याच असतात, म्हणून हँडलला लाल दोरी किंवा जुन्या साडीचा काठ बांधा. आम्ही नव्हता बांधला. घरी येऊन बॅग उघडली तर आत कुणाच्यातरी मुलीचे कॉलेजचे जर्नल आणि हैदराबादच्या बिस्किटांचे चार डबे. बॅग टॅगवरच्या नंबरावरून एअरलाईननं त्यांना फोन लावून दिला, ते निघाले गडहिंग्लजचे, आमची बॅग घेऊन निम्म्या वाटेत पोचले होते. कागलच्या टोलनाक्यापाशी रात्री नऊला अदलाबदल झाली. बिस्किटाचा एक डबा त्यांनी आईला ठेवून घ्यायला लावला, आईनं त्यांना गुळाची अर्धी ढेप दिली.